राउटर नादुरुस्त असल्याबाबत

"यंदा तुम्ही काही करू नका," एवढं बजावून हेडक्लार्कांची बायको सकाळी साडेनऊला घराबाहेर पडली. बायकोच्या बोलण्याचा सरळ अर्थ घ्यायचा नसतो, एवढं हेडक्लार्क चाळीस वर्षांच्या संसारात शिकले होते. त्यांनी ते वाक्य दोनदा मनात घोळवलं आणि त्याखालचा शेरा वाचला : गेल्या वर्षीचं मी विसरलेले नाही.

हेडक्लार्कांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. पण चौतीस वर्षं जावक विभागात काढलेला माणूस घरी बसला म्हणून थांबत नाही. बिल्डिंगमध्ये त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणत, आणि घरात अजून एक जावक रजिस्टर होतं. इस्त्रीला गेलेले कपडे, शेजारी गेलेली शिडी, रद्दी, सगळं त्यात तारीखवार नोंदलेलं असे. शिडी आठवड्यात परत आली नाही, तर शेजाऱ्याला स्मरणपत्र जाई.

गेल्या वर्षीचं प्रकरण असं होतं. चौकातलं लोकरीचं दुकान दरवर्षी स्वेटर विणण्याची स्पर्धा भरवायचं. स्वेटरांचे फोटो दुकानाच्या वेबसाइटवर लागायचे, लोकांनी घरबसल्या मतं द्यायची, आणि जिंकलेला स्वेटर वर्षभर दुकानाच्या दर्शनी काचेत टांगला जायचा. गेल्या वर्षी बायकोचा स्वेटर एका मताने हरला, आणि ते एक मत हेडक्लार्कांचं होतं. पाच वाजेपर्यंत मत द्या, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी साडेचारला स्पर्धेचे नियम वाचायला घेतले. नियम संपले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तेव्हापासून घरात काहीही एक कमी पडलं, मग ते शर्टाचं बटण असो की ताटातला चमचा, बायको शांतपणे म्हणायची, "असू दे. एकाने काय होतंय."

म्हणून यंदा कोणी न सांगता, मुकाट्याने मत देऊन टाकायचं आणि संध्याकाळी पाचला बायको आली की तिला कॉम्प्युटरसमोर बसवून दाखवायचं, असा बेत त्यांनी केला. मतदान सहापर्यंत होतं. मुलगा परगावी गेला होता. सूनबाई आतल्या खोलीत दार लावून ऑफिसचं काम करत होती. मैदान मोकळं होतं. फक्त वाचायचा चष्मा सापडेना. तो शोधण्यात पुन्हा पाच वाजायला नकोत, म्हणून हेडक्लार्कांनी लांबचाच चष्मा लावला, मान मागे नेली आणि पान उघडलं.

बारा स्वेटर होते. बायकोचा नववा, निळा. सातवाही निळाच होता आणि तो खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा होता. फोटोंखाली नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. पण कुठला क्रमांक कोणाचा, हे सगळ्या बिल्डिंगला पाठ होतं. मास्तरीणबाई म्हणजे बायकोची वीस वर्षांची मैत्रीण. दोघी एका गोळ्यातली लोकर वाटून घेत, एकमेकींना नवे टाके शिकवत आणि गळ्याची शेवटची ओळ कशी घातली ते मात्र एकमेकींना कधीही सांगत नसत.

हेडक्लार्कांनी बाण नवव्या स्वेटरवर नेला आणि दाबला. क्षणभर काही झालं नाही. मग पडद्यावर मजकूर आला : "या कनेक्शनवरून मत नोंदवले गेले आहे. क्रमांक ७. आभारी आहोत."

हेडक्लार्क पडद्याच्या जवळ गेले, मग लांब गेले. सात तो सातच. वाचायचा चष्मा शर्टाच्या खिशातच होता, तो लावून पाहिला. सात आणखी स्पष्ट झाला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वर्षी मत दिलं नाही, एवढाच गुन्हा होता. यंदा दिलं आणि तेही मास्तरीणबाईंना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गेल्या वर्षीच्या चुकीवर एक वर्ष निघालं होतं, यंदाच्या चुकीला उरलेलं आयुष्य पुरलं नसतं.

पण चूक झाली म्हणून खचणाऱ्यांतले ते नव्हते. नोंद चुकली तर खोडायची नाही, दुसऱ्या नोंदीने दुरुस्त करायची, हा जावक विभागातला पहिला धडा होता. त्यांनी स्पर्धेच्या आयोजकांना ईमेल लिहिला. सविनय, उपरोक्त विषयास अनुसरून, दृष्टिदोषामुळे वगैरे. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. एका घराला एक मत, मत बदलता येणार नाही, घर आयपी ॲड्रेसवरून ओळखले जाते, मोबाइल इंटरनेटवरून दिलेले मत धरले जाणार नाही, या पत्राला उत्तर देऊ नये. अशी उत्तरं हेडक्लार्कांनी चौतीस वर्षं पाठवली होती. ती मिळाल्यावर कसं वाटतं, हे मात्र त्यांना त्या दिवशी कळलं.

दुकानात फोन करणं शक्य नव्हतं, कारण बायको तिथेच प्रदर्शनाच्या टेबलाशी बसली होती. मग त्यांनी भाच्याला फोन लावला. भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि मामांच्या फोनला अजून तरी घाबरत नव्हता.

"मामा, सोपं आहे. इंटरनेट कंपनी तुमच्या घरच्या कनेक्शनला एक आकडा देते. तोच आयपी ॲड्रेस. त्यावरून वेबसाइटला कळतं, हे अमुक घर."

"आणि तो बदलायचा असेल तर?"

"तो तुमचा कायमचा नसतोच. कंपनीकडे आकड्यांचा साठा असतो, त्यातला एक सध्या तुम्हाला दिलाय. राउटर बंद करायचा, दहा मिनिटं थांबायचं, चालू करायचा. बहुतेक दुसरा मिळतो."

"म्हणजे हंगामी आहे."

"हो, तसंच समजा."

"मग झालं. हंगामी माणसाची बदली करायला वेळ लागत नाही."

"पण मामा, बदलायचाय कशाला?"

"जुना झालाय," हेडक्लार्क म्हणाले आणि आकडा कुठे दिसतो ते विचारून घेतलं. चार भागांचा लांब आकडा होता, शेवटी एकशे अठरा. त्यांनी तो वेळेसह रजिस्टरमध्ये उतरवला.

राउटर दाराशी चपलांच्या कपाटावर होता. तो बंद करणं म्हणजे एक पिन काढणं. पण ती पिन आणि हेडक्लार्क यांच्यामध्ये सूनबाई होती. सासू-सुनेचं पटत नाही म्हणतात. या घरात ते फार पटायचं आणि हेडक्लार्कांची खरी अडचण तीच होती. सूनबाईला कळलेली गोष्ट सासूबाईंना कळायला पाच मिनिटं लागत, आणि तीही फोन लागला नाही तर. सूनबाईला विश्वासात घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी अकरा वीसला हळूच पिन काढली आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

दार उघडलं. "बाबा, नेट गेलं."

"गेलं का?"

"माझे साहेब बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबलेत."

"वरूनच गेलं असेल," हेडक्लार्क म्हणाले. ऑफिसात कुठलंही काम अडलं की ते 'वरूनच' अडलेलं असायचं, आणि वर जाऊन बघायची कोणाची छाती नसायची.

सूनबाईची होती. ती राउटरकडे निघाली. हेडक्लार्क उठून कपाटासमोर उभे राहिले आणि चपला नीट लावू लागले. घरातल्या सगळ्या चपला त्यांनी जोडीने लावल्या, मग आकाराने, मग रंगाने. दहा मिनिटं झाली. पिन आत गेली, दिवे लागले, आतून साहेबांचा आवाज आला. हेडक्लार्क लगबगीने कॉम्प्युटरकडे गेले. शेवटी एकशे अठरा.

त्यांनी दुसऱ्यांदा अर्धा तास बंद ठेवला. सूनबाई वैतागून मोबाइलच्या इंटरनेटवर काम करू लागली. अर्ध्या तासाने पुन्हा एकशे अठरा. बदलीची ऑर्डर निघाली तरी टेबल न सोडणारे लोक हेडक्लार्कांनी पाहिले होते, पण इतका चिवट त्यांतही कोणी नव्हता.

एवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, घरी नेट जातंय-येतंय म्हणे?"

"हो का? मी बघितलं नाही."

"तुम्ही हात लावलात का कशाला?"

"मी कशाला हात लावू?"

"लावू नका. पाच वाजता मला नेट लागणार आहे. मास्तरीणबाईही येतायत माझ्याबरोबर. आपल्याकडचं मताचं पान बघायचंय त्यांना."

हेडक्लार्क खुर्चीत बसले. आतापर्यंत प्रश्न घरातल्या घरात होता. आता मास्तरीणबाई घरात येणार, पडद्यावर स्वतःचा सात क्रमांक वाचणार, आणि हिच्या नवऱ्यानेसुद्धा मत मलाच दिलं, हे खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सांगणार. आणि बायकोला ते हसून ऐकून घ्यावं लागणार. तिचा तो हसरा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. तिने चार महिने खिडकीशी बसून तो स्वेटर विणला होता. दोनदा उसवून पुन्हा विणला होता. बोलायला ती कशीही असो, एवढं तिच्या वाट्याला यायला नको होतं.

त्यांनी भाच्याला पुन्हा फोन केला. भाचा म्हणाला, कंपनी कधी कधी तोच आकडा त्याच घरासाठी राखून ठेवते, आता कंपनीलाच विचारा. हे सांगताना त्याचा आवाज सकाळइतका उत्साही नव्हता.

कंपनीच्या फोनवर आधी एक यंत्र बोललं. नेट बंद असेल तर एक दाबा, नेट हळू असेल तर दोन दाबा, दोन्ही असेल तर तीन दाबा. नेट उत्तम चालू असून अडचण झाली असेल तर काय दाबायचं, ते यंत्राने सांगितलं नाही. हेडक्लार्कांनी तिन्ही दाबले. बऱ्याच वेळाने एक मुलगी आली.

"सर, तुमचं कनेक्शन इथे व्यवस्थित दिसतंय."

"व्यवस्थितच आहे. मला आयपी ॲड्रेस बदलून हवाय."

"कायमचा हवा असेल तर अर्ज करता येईल सर."

"कायमचा नको. बदलणारा हवा."

"तुमचा बदलणाराच आहे सर."

"मग बदलत का नाही?"

"तो आपला आपण बदलतो सर."

"कधी?"

"ते सिस्टिम ठरवते."

"मग सिस्टिमशी बोलणं करून द्या."

"सिस्टिमशीच बोलून तुम्ही माझ्यापर्यंत आलात सर."

"बरं, मग माझी विनंती म्हणून नोंदवून घ्या."

"विनंतीचा रकाना नाहीये सर. फक्त तक्रारीचा आहे."

रकाना हा शब्द हेडक्लार्कांच्या चांगलाच ओळखीचा होता. रकाना नाही म्हणून त्यांनी स्वतः किती माणसं जिन्यावरून परत पाठवली होती. त्यातला एक म्हातारा तर तीन वर्षं येत होता. आज तो भेटला असता, तर त्यांनी त्याला खुर्ची दिली असती.

"मग तक्रार लिहा," ते म्हणाले. "नेट बंद आहे."

"पण चालू दिसतंय सर."

"एक मिनिट थांबा." हेडक्लार्क फोन कानाला लावूनच कपाटापर्यंत गेले आणि पिन काढली. "आता?"

"आता बंद दिसतंय. तक्रार नोंदवली सर, माणूस येईल. मधे नेट चालू झालं, तर तक्रार आपोआप मिटेल."

म्हणजे नेट दुरुस्त व्हायचं असेल, तर ते बंद ठेवायला हवं होतं. यात हेडक्लार्कांना काही वावगं वाटलं नाही, त्यांच्या ऑफिसची लिफ्ट याच तत्त्वावर अकरा वर्षं बंद होती. ते पिन हातात धरून कपाटाशेजारी स्टूल टाकून बसले. पण माणसाला दोन तासांत एकदा तरी उठावं लागतं. ते बाथरूममधून परत आले तेव्हा राउटरचे दिवे लागलेले होते आणि सूनबाई आनंदाने सांगत होती, "बाबा, पिनच निघाली होती, मी बसवली." त्याच वेळी हेडक्लार्कांचा मोबाइल वाजला. आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, समाधानी असल्यास पाच तारे द्या.

"बाबा, तुमचा चेहरा असा का झालाय?"

"आनंदाने," हेडक्लार्क म्हणाले आणि ती आत गेल्यावर पुन्हा पिन काढून, पुन्हा एक, दोन, तीन दाबून सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी ते स्टुलावरून हलले नाहीत. सूनबाईने दोनदा दार उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा लावून घेतलं.

दुरुस्तीवाला सव्वातीनला आला. जाडजूड मिशीचा, पन्नाशीचा, खांद्यावर भली मोठी बॅग. त्याने राउटरकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, मग हेडक्लार्कांच्या हाताकडे.

"काका, पिन तुमच्या हातात आहे."

"मीच काढलीय." हेडक्लार्कांनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मला आयपी बदलून हवाय. पाचच्या आत. घरगुती कारण आहे, विचारू नका."

दुरुस्तीवाल्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्याने बॅग खाली ठेवली आणि पाणी मागितलं. संसारी माणूस दिसतो, हेडक्लार्कांच्या मनात आलं, त्याला सांगावं लागत नाही.

"कंपनी आकडा राउटर बघून देते काका. नुसता बंद करून काही होत नाही. राउटरच बदलला तर आकडा लगेच बदलतो."

"मग बदला."

"बदलायला तो बिघडलेला पाहिजे. आणि काय बिघडलं ते या कागदावर लिहून द्यावं लागतं. ऑफिसवाले फार बारीक वाचतात. दर वेळी काय लिहायचं, मला सुचत नाही."

हेडक्लार्क नऊ वर्षं या क्षणाची वाट पाहत होते, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद पुढ्यात ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि एकटाकी लिहिलं : "विषय : राउटर नादुरुस्त असल्याबाबत. सदर राउटर वरकरणी सुस्थितीत दिसत असला, तरी प्रत्यक्ष वापरात तो ग्राहकाच्या आवश्यकतेनुसार अपेक्षित परिणाम देण्यास असमर्थ असल्याचे वारंवार निदर्शनास आल्याने, तो बदलून देणे उचित होईल." यात एकही शब्द खोटा नव्हता आणि एकाही शब्दावरून काही कळत नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने ते दोनदा वाचलं. "काका, याचा एक फोटो काढून ठेवू का? कामाला येईल."

"ठेवा की," हेडक्लार्क म्हणाले. आपल्या मसुद्याची कोणी नक्कल मागितली, याला कितीतरी वर्षं झाली होती.

नवा राउटर बसला, दिवे लागले. आकड्याच्या शेवटी दोनशे तीन. हेडक्लार्कांनी तो रजिस्टरमध्ये उतरवला, दुरुस्तीवाल्याला दारापर्यंत सोडलं आणि वाचायचा चष्मा नाकावर घट्ट बसवून कॉम्प्युटरसमोर बसले. पान आता पुन्हा मत मागत होतं. त्यांनी पहिल्यापासून बारा स्वेटर बोटाने मोजले, नवव्यावर आले, परत मोजले आणि दाबलं. "या कनेक्शनवरून मत नोंदवले गेले आहे. क्रमांक ९. आभारी आहोत." घड्याळात चार पस्तीस झाले होते. त्यांनी चहा टाकला आणि सूनबाईलाही दिला. तिने नव्या राउटरचा पासवर्ड मागितला, कप हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, आज तुम्ही ठीक आहात ना?"

पाच वाजून पाच मिनिटांनी बायको आली, मागे मास्तरीणबाई. मास्तरीणबाईंनी शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

"आधी यांच्याकडचं पान बघून आलो," बायको म्हणाली. "आता आपलं बघू."

"माझा विश्वास आहे हो तुमच्यावर," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण पेपर तपासल्याशिवाय मला गुण देता येत नाहीत, सवय आहे."

"बसा, बसा. मीच उघडतो," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी दोघींसाठी खुर्च्या ओढल्या, पान उघडलं आणि बाजूला होऊन बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहिले.

बायकोचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मोठ्याने वाचलं, "नऊ." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्या घरी नऊ. तुमच्याही घरी नऊच."

"अहो, असं कसं होईल? मी सकाळी माझ्या हाताने सात दाबलंय. या पानावर बघितलंय मी."

"मी काही म्हटलं का?" मास्तरीणबाई पर्स उचलत म्हणाल्या. "वीस वर्षं ओळखते तुम्हाला. एवढंच म्हणते."

हेडक्लार्कांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. दोघींचं आठवड्यापूर्वी ठरलं होतं. स्वतःचं मत स्वतःलाच देणं बरं दिसत नाही, म्हणून मास्तरीणबाईंनी नऊला द्यायचं आणि बायकोने सातला. दोघींनी आपापल्या स्वेटरला दिलं असतं तरी हिशेब तोच झाला असता, पण मग त्याला मैत्री म्हणता आलं नसतं. बायकोने सकाळी नवरा उठण्याआधी आपला शब्द पाळला होता. तो सात हेडक्लार्कांनी दाबलेलाच नव्हता. त्यांचं मत वेबसाइटने घेतलंच नव्हतं, घरातून आधीच मत गेलंय एवढंच तिने सभ्यपणे सांगितलं होतं. दिवसभर ते बायकोच्या शब्दाशी लढत होते.

मास्तरीणबाई दारापर्यंत पोचल्या होत्या. बायकोचे डोळे भरले होते. वर्षभराचे टोमणे हेडक्लार्कांनी सहज पचवले होते. हे डोळे त्यांना बघवेनात.

"मास्तरीणबाई, थांबा," ते म्हणाले आणि रजिस्टर आणून टेबलावर उघडलं. "हिने दिलेलं मत सातलाच आहे. ते या एकशे अठरावरून पडलंय आणि अजून शाबूत आहे. हे दोनशे तीनवरचं नऊ माझं आहे. ते मत मी राउटर बदलून दिलं. सगळ्या वेळा इथे लिहिल्यात."

मास्तरीणबाई परत आल्या. ओळीखाली बोट ठेवून त्यांनी पानभर नोंदी वाचल्या. अकरा वीस, बंद. अकरा एकतीस, चालू, तोच. बारा पाच, बंद. "म्हणजे या घरातून दोन मतं गेली."

"गेली."

"नियम एका घराला एक मताचा आहे."

"आहे."

"म्हणजे ही खरी आणि तुम्ही लबाड."

"असंच नोंदवावं लागेल," हेडक्लार्क म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही कागदावर इतकी स्पष्ट कबुली दिली नव्हती.

बायको रजिस्टरकडे बघत होती. "दिवसभर तुम्ही हे करत होतात?"

"गेल्या वर्षीचं मनात होतं माझ्या."

"मी सांगितलं होतं ना, काही करू नका म्हणून," ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता. तिने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या शर्टाची वाकडी कॉलर सरळ केली. हेडक्लार्कांना फार बरं वाटलं.

मास्तरीणबाईंनी रजिस्टर मिटलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मतदान सहाला बंद होतं ना?"

"हो."

"आता सव्वापाच झालेत. नऊला माझं एक आणि तुमचं एक, अशी दोन झाली. सातला एकच. आपल्या तिघांत तरी बरोबरी असायला हवी. मी न्यायाच्या दृष्टीने म्हणतेय." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "तो दुरुस्तीवाला अजून बिल्डिंगमध्ये असेल का हो?"

तो खाली फाटकाशी स्कूटरवर बॅग बांधत होता. तिघं त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा मास्तरीणबाईंना धाप लागली होती.

"माझा राउटर बिघडलाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

दुरुस्तीवाल्याने हात जोडले. "राउटर संपले काकू. सकाळपासून तेवीस बसवले, सगळे या दोन गल्ल्यांत. तीन नंबरच्या स्वेटरवाल्या बाईंकडेच चारदा जाऊन आलो. आता गोदामातही शिल्लक नाहीत." मग त्याचं लक्ष हेडक्लार्कांकडे गेलं. "काका, तुमचा कागद मात्र एकदम चालला. शेवटचे तीन त्याच्यावरच निघाले."

तो निघून गेला. मास्तरीणबाई फाटकाशी तशाच उभ्या राहिल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

"काय ही माणसं," त्या म्हणाल्या. "एका स्वेटरसाठी एवढी लबाडी."

"हो ना," बायको म्हणाली. हेडक्लार्कांनीही मान हलवली, आणि तिघं हळूहळू जिना चढू लागली.